गार अंगाचा इशारा

घरात कोणी आजारी पडले की पहिला हात कपाळाकडे जातो. अंग कढत लागले तर आजार आहे असे ठरते, आणि ते निवले म्हणजे घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. ताप आणि आजार या दोन गोष्टी लोकांच्या मनात इतक्या एकजीव झालेल्या आहेत की, बोलण्यातही 'ताप आला' म्हणजे 'दुखणे आले' असाच अर्थ होतो. मोठ्या माणसांपुरती ही समजूत बहुधा खरी ठरते. परंतु अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या बाबतीत तीच घातक ठरण्याचा संभव असतो. अशा मुलाच्या रक्तात जंतूंचा शिरकाव झाला असता त्याचे अंग तापेलच असे नाही. पुष्कळदा ते गार पडते. गार पडलेले मूल आक्रोश करीत नाही, तळमळत नाही. ते निपचित पडून राहते. घरच्यांना वाटते की बाळ शांत झोपले आहे, आणि उपचाराला मिळालेले मोलाचे तास त्या शांततेत निघून जातात.

गर्भधारणेचे सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. २०२० या एका वर्षात जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली, आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्था यांचा अंदाज आहे. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असा एक समज आपल्याकडे अनेक घरांतून अजूनही ऐकू येतो. त्याला आधार नाही. आईच्या उदरात काढलेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या पदरात काही ना काही घालीत असतो. लवकर बाहेर पडलेले मूल नेमके त्या शेवटच्या आठवड्यांच्या शिदोरीला मुकते.

या शिदोरीत दोन गोष्टी मुख्य असतात. पहिली ऊब. नवजात मूल मोठ्या माणसासारखे थंडीने कुडकुडत नाही. त्याच्या मानेभोवती, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांच्या आसपास तपकिरी रंगाची एक विशिष्ट चरबी असते, आणि ती जाळून ते उष्णता निर्माण करते. ही चरबी साठते ती मुख्यतः गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत. म्हणजे लवकर जन्मलेल्या मुलाच्या चुलीजवळ सरपणच थोडे. शिवाय हंडाभर कढत पाण्यापेक्षा वाटीभर कढत पाणी लौकर निवते, त्याच न्यायाने लहान अंगाची उष्णता झपाट्याने बाहेर जाते. ओले अंग वाळताना ती जाते, गार अंथरुणाला अंग टेकल्याने जाते, वाऱ्याच्या झुळकीने जाते, आणि जवळच्या थंड भिंतीकडे, स्पर्श नसतानाही, जाते. दुसरी गोष्ट म्हणजे रोगाशी लढण्याचे बळ. आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाकडे जातात तीही बहुतांशी शेवटच्या तिमाहीत. त्यातच या मुलाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आणि रुग्णालयात त्याला सुया व नळ्या लावाव्या लागतात. जंतूंना वाट मिळायला आणखी काय हवे?

ऊब आणि जीवित यांचा संबंध वैद्यकाला उमगला त्याला आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने १८८० च्या सुमारास अशक्त मुलांसाठी उबदार पेटी सुरू केली. कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून ही कल्पना त्याला सुचली. त्याचा शिष्य प्येर बुदँ याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत अशा मुलांपुढील तीन संकटे सांगितली: अंग थंड पडणे, दूध पोटात न जाणे, आणि रोग जडणे. पुढे १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८२ अपुऱ्या दिवसांच्या मुलांवर एक काटेकोर प्रयोग केला. काही मुलांच्या पेटीतील हवा सुमारे २९ अंश सेंटिग्रेड ठेवली, तर काहींच्या पेटीतील हवा सुमारे ३२ अंश. फरक अवघ्या तीन अंशांचा. परंतु अधिक उबदार पेटीत जगलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा सुमारे १५ ने जास्त भरले. औषध तेच, दूध तेच. केवळ हवेच्या उबेने इतकी मुले वाचली.

बुदँने सांगितलेले पहिले संकट आणि तिसरे संकट एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि पेच आहे तो येथेच. मूल गार पडते त्याला दोन कारणे असू शकतात. एक बाहेरचे: खोली थंड, दुपटे ओले, पंखा डोक्यावर. दुसरे आतले: रक्तात जंतू शिरले. मोठ्या माणसाचे शरीर जंतूंची चाहूल लागताच आपली भट्टी पेटवते. त्यालाच ताप म्हणतात. पण ताप आणणे ही खर्चाची बाब आहे. तिला साखर लागते, प्राणवायू लागतो, सुरळीत रक्ताभिसरण लागते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा असतो, आणि शरीरातील उष्णतेचे नियमन करणारी मेंदूतील यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. जंतूंशी झुंज सुरू होताच त्याची चूल विझू लागते. पुरे दिवस भरलेल्या मुलाला संसर्गात ताप येण्याचा संभव अधिक. अपुऱ्या दिवसांचे मूल गार पडण्याचा संभव अधिक. कधीकधी तर दोन्ही घडते: सकाळी अंग कढत, दुपारी गार, रात्री पुन्हा कढत. ही अस्थिरतादेखील संसर्गाची एक खूण आहे.

म्हणून मापनाची शिस्त हवी. काखेत घेतलेले ३६.५ ते ३७.५ अंश सेंटिग्रेड, म्हणजे ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट, हे नवजात मुलाचे योग्य तापमान होय. ३६.५ च्या खाली पण ३६ पर्यंत ते उतरले तर मुलाला थंडी बाधू लागली असे समजतात. ३६ च्या खाली आल्यास स्थिती चिंतेची, आणि ३२ च्या खाली गेल्यास जिवावर बेतणारी. माप घेण्याची रीत अगदी साधी आहे. काख कोरडी करावी, थर्मामीटरचे टोक काखेच्या खळगीत नीट बसवावे, मुलाचा दंड अलगद छातीशी धरून ठेवावा, आणि हल्लीच्या अंकदर्शक थर्मामीटरचा सूचक ध्वनी होईपर्यंत हलवू नये. पाऱ्याची नळी आता मागे पडली आहे. काच फुटण्याचा आणि पारा सांडण्याचा धोका घरात नकोच. गुदद्वारात थर्मामीटर घालण्याची जुनी पद्धतही टाळणे बरे, कारण या कोवळ्या आतड्याला इजा होऊ शकते.

एकदा घेतलेले माप मात्र फारसे काही सांगत नाही. दिवसाकाठी अनेकदा घेतलेली आणि वेळेसह लिहून ठेवलेली मापे बोलू लागतात. आईच्या छातीशी ठेवलेल्या लहान मुलाचे तापमान प्रथम दर सहा तासांनी पाहावे, आणि सलग तीन दिवस ते स्थिर राहिल्यावर दिवसातून दोनदा पाहावे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतील क्रम आहे. आजारी मुलाचे याहून कितीतरी अधिक वेळा पाहावे लागते. चार दिवस ३६.८ वर रेंगाळणारे मूल पाचव्या दिवशी कारणावाचून ३६.१ वर आले, तर तो आकडा वरवर किरकोळ वाटला तरी अनुभवी परिचारिका तेथे थबकते. मुलाची नेहमीची चाल तिला ठाऊक असते, आणि ती चाल बिघडलेली तिच्या तात्काळ लक्षात येते.

रुग्णालयातील आधुनिक पेटी, जिला लोक 'काचेची पेटी' म्हणतात, तिने या कामी मोठी सोय केली आहे, आणि तिच्याबरोबर एक चकवाही निर्माण केला आहे. या पेटीत मुलाच्या पोटावर एक छोटी संवेदक चकती चिकटवलेली असते. कातडीचे तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेले की पेटी आपोआप अधिक हवा तापवते. ते वर गेले की हवा निवू देते. परिणामी तक्त्यावर मुलाचे तापमान दिवसभर ३६.५ च्या आसपास सरळ रेषेत दिसते. पाहणाऱ्याला वाटते की सर्व ठाकठीक आहे. प्रत्यक्षात मूल आतून गार पडत असेल आणि ती उणीव यंत्र भरून काढीत असेल. किंवा मुलाला ताप चढत असेल आणि यंत्र पेटी थंड करून तो झाकीत असेल. अशा वेळी खरी बातमी पेटीच्या हवेच्या आकड्यात असते. काल ३३ अंशांची हवा ज्या मुलाला पुरत होती, त्यालाच आज ३५ अंशांची लागू लागली, तर कारण शोधलेच पाहिजे. यासाठी चांगल्या विभागात मुलाचे तापमान आणि पेटीतील हवेचे तापमान हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिण्याची पद्धत आहे. चकती सुटून पडली तर यंत्राची फसगत होऊन मूल भाजून निघण्याइतकी हवा तापू शकते. तेव्हा यंत्रावर पहारा ठेवणारे माणूस हवेच.

यंत्र जेथे नाही तेथेही एक उपाय हाताशी आहे, आणि तो अक्षरशः हाताशीच आहे. भारतातील बालरोगतज्ज्ञ परिचारिकांना व मातांना तो शिकवीत आले आहेत. हाताच्या पाठीमागच्या बाजूने प्रथम मुलाचे पोट आणि मग पावले चाचपावीत. दोन्ही उबदार आणि पावले गुलाबी असतील तर मूल सुखात आहे. पोट उबदार परंतु पावले गार, तर मुलाला थंडी बाधत आहे आणि ते आपली उष्णता आत राखण्यासाठी धडपडत आहे. पोट व पावले दोन्ही गार, तर अंग थंड पडले आहे आणि मदत तातडीने हवी.

यातील मधल्या खुणेला संसर्गाच्या शोधात विशेष महत्त्व आहे. मुलाला पुरते उबेत ठेवले, तरीही पोट गरम आणि पावले गारच राहिली, तर थंडीचे कारण पुरत नाही. रक्त हातापायांकडून ओढून घेतले जात आहे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. आणि जंतुसंसर्गात असे घडते. स्पेनमधील काही बालरोगतज्ज्ञांनी दीड किलोहून कमी वजनाच्या मुलांत धडाचे आणि पायाचे तापमान सतत मोजून, त्या दोहोंतील वाढते अंतर हे उशिरा होणाऱ्या संसर्गाचे लवकर दिसणारे चिन्ह असल्याचे २०१२ साली मांडले. आजीचा हात जे ढोबळपणे सांगतो, तेच येथे यंत्राने बारकाईने टिपले.

तापलेल्या मुलाची पारखही याच रीतीने होते. उन्हाळ्यात बंद खोलीत दोन दुपटी, अंगडे, टोपडे आणि वर शाल असा थाट केला, तर कोणाचेही अंग तापेल. अशा मुलाचे हातपायसुद्धा गरम असतात आणि कातडी लालसर दिसते. त्याचे जादा कपडे काढावेत, आईचे दूध पाजावे आणि तासाभराने पुन्हा माप घ्यावे. तापमान उतरले, मूल ओढून दूध पिऊ लागले, तर तो उबेचा अतिरेक होता. उतरले नाही, किंवा अंग तापलेले असून पावले मात्र गार असली, तर तो ताप खराच आहे असे समजून वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. गार मुलाचीही परीक्षा तीच. कोरडे करून, टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीशी धरून त्याला ऊब द्यावी. उबेने ते सावरले आणि सावरलेलेच राहिले, तर दोष खोलीचा. उबेतही ते पुन्हा पुन्हा गार पडत राहिले, तर दोष रक्तात शोधावा लागतो.

तापमान हा इशारा आहे. तो निकाल नव्हे. निदानासाठी डॉक्टर रक्ताची तपासणी करतात, रक्तातील जंतू वाढवून पाहतात, आणि त्याचे उत्तर येण्यास एकदोन दिवस लागत असल्याने पुष्कळदा तत्पूर्वीच जंतुनाशक औषध सुरू करतात. प्रत्येक गार मुलाला सरसकट ते औषध देणेही योग्य नव्हे, कारण अनाठायी वापराने जंतू निर्ढावतात. म्हणून तापमानाच्या जोडीला इतर खुणा पाहिल्या जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासातून दोन महिन्यांच्या आतील मुलांसाठी सात खुणा निश्चित झाल्या: दूध नीट न ओढणे, झटके येणे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, हलवल्याशिवाय हालचाल न करणे, तापमान ३७.५ किंवा त्याहून वर, आणि तापमान ३५.५ च्या खाली. सातांतील दोन खुणा तापमानाच्या आहेत, आणि त्यांतील एक ऊन अंगाची, तर दुसरी गार अंगाची आहे.

हे ज्ञान मोठ्या रुग्णालयाच्या भिंतींआडच राहिले पाहिजे असे नाही, हे महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात मुलांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. मुलाचे वजन करणे, तापमान घेणे, श्वास मोजणे, संसर्गाच्या खुणा ओळखणे आणि आईबापांच्या संमतीने औषधोपचार करणे ही कामे त्या करू लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कार्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या गावांत ही योजना नव्हती त्यांच्या तुलनेने, या खेड्यांतील नवजात मुलांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. रक्तातील जंतुसंसर्गाने आजारी पडलेल्या मुलांपैकी पूर्वी शेकडा १६.६ दगावत, ते प्रमाण २.८ वर आले. पुढे २०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात मुलांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. रुग्णालयात बाळंतपण झाले असल्यास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा, आणि घरी झाले असल्यास पहिल्या दिवसासह सात वेळा आशा कार्यकर्ती घरी येते. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, तसा थर्मामीटरही असतो. ती मुलाच्या काखेत थर्मामीटर लावू लागली की कित्येक घरांत 'बाळाला ताप कुठे आहे?' असा प्रश्न होतो. ती ताप शोधते, तितक्याच काळजीने गारपणाही शोधते, हे घरच्यांना ठाऊक असले तर तिच्या कामाला साथ मिळेल.

उपायाची सुरुवात आईपासून होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातील बोगोटा येथे पेट्यांचा तुटवडा होता, तेव्हा एदगार रे सानाब्रिया आणि हेक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिलाच 'कांगारू मातृसेवा' म्हणतात. नवी दिल्लीसह आशिया व आफ्रिका खंडांतील पाच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या मुलांना जन्मतःच, त्यांची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या अंगाशी ठेवले गेले. प्रथम पेटीत व नंतर आईजवळ ठेवलेल्या मुलांत पहिल्या २८ दिवसांत शेकडा १५.७ दगावली, लगेच आईजवळ ठेवलेल्यांत १२. गार पडणारी मुलेही कमी झाली आणि संसर्गाचा संशय आलेली मुलेही कमी झाली. आईच्या अंगाची ऊब आणि आईचे दूध यांनी एकाच वेळी दोन्ही शत्रूंना अडवले.

काही जुन्या रूढी मात्र प्रेमापोटीही चालू ठेवू नयेत. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला जन्मल्याबरोबर अंघोळ घालणे, उघड्या अंगाने फार वेळ तेल चोळीत बसणे, आणि गार पडले म्हणून शेगडीचा शेक देणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. शेगडीचा धूर त्याच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि शेकाने कातडी भाजते. नाळेवर राख, हळद किंवा तेल लावू नये. नाळ कोरडी व स्वच्छ ठेवावी. मुलाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो की आत्याबाई, साबणाने हात धुतलेच पाहिजेत. उशिरा होणारा संसर्ग बहुधा हातांवरूनच येतो.

काल दूध ओढणारे मूल आज तोंड फिरवू लागले, त्याचे रडणे क्षीण झाले, आणि उबेत ठेवूनही त्याची पावले गार राहिली, तर 'बाळाला ताप नाही' या समाधानात रात्र काढू नये. त्याला आईच्या छातीशी धरावे, वरून पांघरूण घ्यावे, वाटेत अंगाची ऊब सुटू न देता, त्याच घटकेला रुग्णालयाची वाट धरावी. आतापर्यंतच्या मापांचा कागद घरात असेल तर तो बरोबर न्यावा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.